गुठळीचे कारण सापडत नाही, तोवर 12 आठवडे कशासाठी थांबायचे?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, आणि उत्तर देण्यापूर्वी तो थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती लगेच लक्षात येईल. तुमच्या पत्नी 34 वर्षांच्या आहेत, हिंजवडीत नोकरी करतात, पाच वर्षांचा मुलगा आहे, आणि त्याच्या आधी एकदा आठव्या आठवड्यात गर्भपात झाला होता. यंदा गणपती झाल्यावर चार-पाच दिवसांनी त्यांचा डावा पाय सुजला आणि डॉप्लर सोनोग्राफीत पोटरीपासून मांडीपर्यंतच्या मुख्य शिरेत रक्ताची गुठळी दिसली. रुग्णालयात तीन दिवस हेपरिनची इंजेक्शने झाली आणि तेव्हापासून रिव्हारोक्साबॅनच्या गोळ्या सुरू आहेत. तिसऱ्या दिवशी पाठवलेल्या रक्तात प्रोटीन एस आणि अँटीथ्रॉम्बिन हे दोन्ही घटक कमी आले. मन स्वस्थ बसेना म्हणून विसाव्या दिवशी तुम्ही दुसऱ्या लॅबमधून सगळे पुन्हा करून घेतले. तिथे हे दोन्ही घटक व्यवस्थित आले, पण ‘ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट आढळले’ अशी नवीच ओळ रिपोर्टात आली. डॉक्टरांनी 12 आठवड्यांनी पुन्हा तपासू असे सांगितले आहे, आज सात आठवडे झाले आहेत, आणि घरातले सगळे विचारत आहेत की अजून कुणाला काही सापडत कसे नाही. कोणत्या लॅबचे खरे मानायचे, थांबण्यात धोका आहे का, मुंबईला जाऊन तिसऱ्यांदा तपासणी करावी का, आणि डिसेंबरात नागपूरला मेहुणीच्या लग्नाला त्यांना नेता येईल का, हे तुमचे चार प्रश्न आहेत.

मी पुण्यात गेली बावीस वर्षे रक्तविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या पत्नींना मी तपासलेले नाही, त्यांचे वजन, मूत्रपिंडाची स्थिती, घरातला इतिहास यांतले काही मला माहीत नाही, त्यामुळे औषधाबद्दलचा कोणताही निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. मी तुम्हाला विचार कसा करायचा एवढे सांगू शकते. माझ्या मते खरी अडचण अशी झाली आहे की धोका आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी तुमच्या मनात एकत्र मिसळल्या आहेत. कारण सापडत नाही म्हणजे उपचार अडले आहेत, असे घरातल्या प्रत्येकाला वाटते आहे. तसे नाही. उपचार पहिल्या दिवसापासून चालू आहेत, आणि कारण उद्या सकाळी सापडले असते तरी या पहिल्या तीन महिन्यांत बहुधा हेच किंवा याच जातीचे औषध दिले गेले असते.

या औषधाला आपण सगळे ‘रक्त पातळ करणारे’ म्हणतो, मीही म्हणते, पण त्याने रक्त पातळ होत नाही आणि झालेली गुठळी विरघळतही नाही. ते नवीन गुठळी धरू देत नाही आणि जुनी वाढू देत नाही. जुनी गुठळी शरीर स्वतः हळूहळू पचवते, आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून सातव्या आठवड्यात संध्याकाळी पाय जड होणे, घोट्याशी सूज येणे यावरून औषध लागू पडत नाही असे ठरवू नका. धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत: अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे, घेरी येऊन पडणे, पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, विशेषतः उलट्यांसह, किंवा फिट येणे, काळी शौच, किंवा पायाची सूज एकाएकी वाढणे. यांपैकी काही झाले तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, 108 ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात जा. हे काही नसेल आणि गोळी एकही दिवस चुकत नसेल, तर या वाट पाहण्यात त्या विनासंरक्षण नाहीत. रिव्हारोक्साबॅनची 15 आणि 20 मिलिग्रॅमची गोळी पोटभर जेवणासोबत घ्यावी लागते, रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. उपवासाच्या दिवशीही हे पाळा.

आता कोणती लॅब खरी, याकडे येऊ. माझे उत्तर असे की दोन्ही लॅबनी आपापले काम नीट केले असेल, तरीही दोन्ही रिपोर्ट तुमच्या पत्नींच्या जन्मजात प्रकृतीबद्दल काहीच सांगत नाहीत. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटीथ्रॉम्बिन हे रक्ताला अवाजवी गोठू न देणारे पहारेकरी आहेत. मोठी गुठळी होत असते तेव्हा ते तिथे खर्ची पडतात. शिवाय हेपरिन अँटीथ्रॉम्बिनला धरूनच काम करते आणि उपचाराच्या त्या दिवसांत त्याची पातळी खाली आणते. म्हणजे तिसऱ्या दिवशी दोन्ही कमी आले, ते गुठळीमुळे आले की गुठळी त्यांच्यामुळे झाली, हे त्या आकड्यावरून ओळखताच येत नाही. विसाव्या दिवशीची गोष्ट याच्या उलट आहे. तेव्हा रक्तात रिव्हारोक्साबॅन होते, आणि तेही सुरुवातीच्या तीन आठवड्यांतल्या मोठ्या मात्रेत. प्रोटीन एसची क्रिया मोजणाऱ्या काही चाचण्या प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी काढल्यावर उरणारा द्रव, किती सेकंदांत गोठतो यावर चालतात. औषधाने गोठणे लांबते आणि यंत्राला वाटते की प्रोटीन एस भरपूर आहे. अँटीथ्रॉम्बिनच्या काही चाचण्याही याच औषधामुळे खोट्या चांगल्या येतात. एक रिपोर्ट खोटा कमी असू शकतो आणि दुसरा खोटा चांगला असू शकतो, मग त्यांची तुलना करून कोण बरोबर हे ठरवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा हेच बरे.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगते, कारण माझ्या उमेदवारीच्या काळात ही चूक मी स्वतः केली आहे. सव्वीस वर्षांचा एक तरुण पायात गुठळी होऊन दाखल झाला होता. दुसऱ्याच दिवशी मी सगळ्या तपासण्या पाठवल्या, प्रोटीन एस कमी आले, आणि मी त्याच्या आईवडिलांना खाटेशेजारी उभे राहून सांगितले की हा जन्मजात दोष आहे, तुमच्या दुसऱ्या अपत्यातही असू शकतो. दुसरे अपत्य म्हणजे त्याची बहीण, आणि तिचे लग्न ठरलेले होते. वडिलांनी प्रामाणिकपणे ही गोष्ट मुलाकडच्यांच्या कानावर घातली आणि ते लग्न मोडले. सात महिन्यांनी, त्या तरुणाची औषधे पूर्ण थांबल्यावर, मी पुन्हा तपासणी केली तेव्हा त्याचे प्रोटीन एस अगदी व्यवस्थित होते. बहिणीचेही व्यवस्थित होते. वडील रिपोर्ट हातात घेऊन माझ्यासमोर बसले होते आणि त्यांनी मला एकच विचारले, ‘मग तेव्हा थांबला का नाहीत?’ त्या दिवसापासून गुठळीच्या ऐन भरात मी या तपासण्या पाठवत नाही, आणि कुणी पाठवून आणल्याच तर त्यावर निदान लिहीत नाही.

तुमच्या बाबतीत विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंटची. या नावाने लोक फार घाबरतात, कारण गूगलवर ल्युपस या आजाराची पाने उघडतात. 1952 साली ल्युपसच्या रुग्णांमध्ये हा प्रकार प्रथम वर्णिला गेला म्हणून हे नाव चिकटले. ज्यांच्यात तो आढळतो त्यांपैकी अनेकांना ल्युपस कधीच नसतो. नावाचा दुसरा अर्धाही फसवा आहे. परीक्षानळीत हा घटक रक्ताचे गोठणे लांबवतो, आणि शरीरात मात्र गुठळ्या होण्याचा कल वाढवतो. वारंवार आणि ठामपणे आढळला, तर गुठळीसह त्याला अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात, आणि ते निदान महत्त्वाचे आहे, कारण त्याने उपचार खरोखर बदलू शकतात.

परंतु गोठणे लांबले की ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट असावे, असे जी चाचणी म्हणते तिच्या नळीत रिव्हारोक्साबॅन असेल तर गोठणे लांबणारच. या औषधावर असताना ही चाचणी खोटी सकारात्मक येणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात दुसरी अडचण अशी की ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट म्हणजे शरीरानेच तयार केलेली प्रतिद्रव्ये (अँटीबॉडी) असतात, आणि ती तापानंतर, विषाणूच्या संसर्गानंतर काही आठवडे तात्पुरती उमटतात आणि मावळतात, आणि पावसाळ्याच्या शेवटी पुण्यात घराघरांत ताप असतो. म्हणूनच जगभर मान्य असलेल्या 2006 च्या निकषांत असे ठरले की किमान 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा आढळले तरच ते खरे धरायचे. तुमचे डॉक्टर निर्णय पुढे ढकलत नाहीत. 12 आठवडे पुरे होण्याआधीच पुन्हा केलेली चाचणी सकारात्मक आली तरी निदान करता येणार नाही, म्हणून ते थांबले आहेत.

इथे तुमच्या हिशोबात एक छोटी चूक मला दिसते. तुम्ही 12 आठवडे गुठळी सापडल्या दिवसापासून मोजत आहात. ते पहिल्या सकारात्मक चाचणीपासून मोजायचे असतात, आणि ती चाचणी विसाव्या दिवशी झाली. म्हणजे तुमची तारीख जवळजवळ तीन आठवड्यांनी पुढे जाते. हे डॉक्टरांशी बोलून कॅलेंडरवर नीट लिहून ठेवा.

तुमच्या दुसऱ्या रिपोर्टातली एक चांगली बाब तुमच्या नजरेतून निसटली आहे असे वाटते. अँटीफॉस्फोलिपिडच्या तीन तपासण्या असतात: ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-2-ग्लायकोप्रोटीन. पुढच्या दोन्हींवर रिव्हारोक्साबॅनचा परिणाम होत नाही, आणि त्या दोन्ही तुमच्या पत्नींच्या बाबतीत सामान्य आल्याचे तुम्ही लिहिले आहे. ज्यांच्यात तिन्ही सकारात्मक असतात त्यांचा धोका सर्वांत जास्त असतो. अशाच रुग्णांमध्ये रिव्हारोक्साबॅन आणि वॉरफरिन हे याच कामाचे जुने औषध यांची तुलना करणारी एक चाचणी इटलीत झाली, तिचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले, आणि रिव्हारोक्साबॅनच्या गटात गुठळ्या व पक्षाघात अधिक दिसल्याने ती मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. तेव्हापासून अशा रुग्णांना आम्ही वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त वापरात असलेले अ‍ॅसिट्रॉम देतो. तुमच्या पत्नी आज तरी त्या गटात दिसत नाहीत, आणि म्हणून सध्याचे औषध चालू ठेवून थांबणे मला समंजसपणाचे वाटते. पुढे ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट खरेच टिकून राहिले, तर औषध बदलण्याची चर्चा तेव्हा करावी लागेल. आठव्या आठवड्यातला एक गर्भपात या निदानाच्या बाजूने मोजला जात नाही. इतक्या लवकरचे गर्भपात दुर्दैवाने फार सर्रास होतात आणि त्यांची कारणे बहुधा गर्भातच असतात. तुमच्या पत्नींनी त्या गोष्टीचा आणि या गुठळीचा संबंध मनात जोडला असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा.

पुन्हा रक्त देताना ते कसे दिले जाते याला फार महत्त्व आहे. गोठण्याच्या तपासण्यांची नळी निळ्या झाकणाची असते. तिच्यात रक्त गोठू न देणारे सोडियम सायट्रेटचे द्रावण आधीच मोजून भरलेले असते, आणि नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण हे प्रमाण ठरलेले आहे. नळीवरच्या खुणेपर्यंत रक्त भरले नाही तर द्रावण जास्त होते आणि गोठणे खोटे लांबते. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा नमुना सकाळी सात वाजता घरून घेतला होता, सुई दोनदा टोचावी लागली होती, नळी जेमतेम अर्धी भरली होती, आणि ती लॅबमध्ये पोहोचली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. रिपोर्टावर यातले काहीच दिसत नव्हते, तिथे फक्त जाड अक्षरात एक असामान्य आकडा होता. नमुना साधारण चार तासांच्या आत यंत्रात वेगाने फिरवून त्यातला प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, आणि ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंटसाठी तर तो दोनदा फिरवून त्यातल्या प्लेटलेट पूर्ण काढाव्या लागतात. त्यामुळे या एका तपासणीसाठी घरपोच सेवा घेऊ नका. जिथे चाचणी प्रत्यक्ष होते तिथे स्वतः जा, फॉर्मवर औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ लिहा. काही ठिकाणी नमुन्यातले औषध शोषून घेणारे कोळशाचे द्रव्य वापरतात, काही डॉक्टर तेवढ्या दिवसांपुरते औषध बदलून हेपरिनची इंजेक्शने देतात, काही पुढच्या गोळीच्या अगदी आधी रक्त घेतात. यांपैकी काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. मात्र तपासणी शुद्ध यावी म्हणून स्वतःच्या मनाने गोळी थांबवण्याचा विचारही करू नका.

आता ज्या गोष्टीमुळे मी मुळात हे उत्तर लिहायला बसले, ती. तुम्ही इतके सविस्तर लिहिले आहे, दोन्ही रिपोर्टांतले आकडे दिले आहेत, पण एक माहिती त्यात नाही. गौरी-गणपतीच्या आधी तुमच्या पत्नींनी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या का?

हा प्रश्न मी दर वर्षी भाद्रपदानंतर आणि लग्नसराईत न चुकता विचारते, आणि उत्तर बहुतेक वेळा सहज मिळत नाही. कारण बाईच्या लेखी ते औषधच नसते. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत का?’ असे विचारले की त्या ‘नाही’ म्हणतात, आणि ते खोटे नसते, कारण आज काही चालू नसते. दहा-बारा दिवसांपूर्वी ओळखीच्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, नणंदेने किंवा मैत्रिणीने सांगितल्यावरून आणलेली ती पट्टी कुणी ‘औषध’ म्हणून लक्षात ठेवत नाही. कधी सासरे किंवा दीर समोर बसलेले असतात आणि हा विषय त्यांच्यापुढे निघू नये असे वाटते. त्या गोळीत बहुधा नोरएथिस्टेरॉन असते. पाळी लांबवण्यासाठी 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी ती घेतात, ही मात्रा गर्भनिरोधक गोळीतल्या मात्रेच्या कितीतरी पट आहे, आणि शरीरात तिचा काही अंश गुठळीचा कल वाढवणाऱ्या इस्ट्रोजनमध्ये बदलतो. बहुसंख्य स्त्रियांना याने काही होत नाही. पण ज्यांच्यात कल आधीच थोडा असतो, ज्यांचे वजन जास्त असते, ज्या दिवसातले नऊ-दहा तास खुर्चीत बसतात, त्यांच्यापैकी एखादीच्या पायात याच आठवड्यांत गुठळी होते. तुमच्या पत्नींनी या किंवा इतर कोणत्याही हार्मोनच्या गोळ्या घेतल्या असतील, तर हे डॉक्टरांना सांगणे हे सगळ्या महागड्या तपासण्यांपेक्षा मोलाचे ठरेल. तात्पुरत्या, टाळता येण्याजोग्या कारणाने झालेली गुठळी आणि विनाकारण झालेली गुठळी यांत परत होण्याचा धोका वेगळा असतो, आणि औषध किती काळ घ्यायचे हे त्यावरच ठरते. कृपया हे विचारताना त्यांना दोष दिल्यासारखे वाटू देऊ नका. सण घरातल्या सगळ्यांचा असतो आणि ही गोळी घेण्याचे दडपणही सगळ्यांचे मिळूनच असते.

गोळ्या घेतल्याच नसतील, तर मग त्या आधीच्या दोन-तीन महिन्यांचा नीट आढावा घ्या. ताप, जुलाब, अंथरुणाला खिळून गेलेले दिवस, लांबचा प्रवास, पायाला लागलेला मार, लहानसहान शस्त्रक्रिया, आईच्या किंवा मावशीच्या पायाला बाळंतपणानंतर आलेली आणि ‘वात’ म्हणून सोडून दिलेली सूज. आजोळच्या मंडळींना फोन करून विचारा. 1856 च्या सुमारास जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांच्या लेखनातून पुढे आलेली तीन कारणे आजही तीच आहेत: रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल असणे. लॅब यांपैकी फक्त तिसरे तपासते. पहिल्या दोहोंचा शोध बोलण्यातूनच लागतो.

पाय डावा आहे, हेही मी नोंदवून ठेवले आहे. ओटीपोटात डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर उजवीकडे जाणाऱ्या धमनीखालून जाते, आणि काही जणांमध्ये, विशेषतः तरुण स्त्रियांमध्ये, ती धमनी आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये दाबली जाते. याला मे-थर्नर असे नाव आहे. साध्या डॉप्लरमध्ये ओटीपोटातल्या शिरा नेहमी स्पष्ट दिसत नाहीत. गुठळी मांडीच्या वरपर्यंत गेली होती आणि सूज अजून बरीच असेल, तर त्या शिरांचे सीटी किंवा एमआर करण्याची गरज आहे का, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा.

राहिलेल्या तपासण्यांबद्दल थोडक्यात सांगते. फॅक्टर 5 लायडन हा जनुकीय बदल 1994 साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात शोधला गेला. युरोपीय लोकांत तो बराच आढळतो, आपल्याकडे क्वचित. त्याच्या चाचणीवर औषधाचा परिणाम होत नाही, त्यामुळे झालेली असेल तर ती पुन्हा करू नका. एमटीएचएफआर नावाचा बदल तुमच्या रिपोर्टात ठळक छापलेला आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. तो निरोगी लोकांतही सर्रास असतो आणि त्यावरून काही ठरवू नये असेच तज्ज्ञ संस्था सांगतात. होमोसिस्टीन (रक्तातले एक अमिनो आम्ल) वाढलेले आहे म्हणता, तर तुम्ही शाकाहारी आहात का? 2001 साली प्रसिद्ध झालेल्या पुण्यातल्याच एका अभ्यासात पाहणी केलेल्या लोकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांचे होमोसिस्टीन वाढलेले आढळले होते, आणि त्यामागे बहुतांशी बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता होती. बी-12 जरूर भरून काढा, त्याने थकवा आणि मुंग्या कमी होतील. पण तेवढ्यावरून गुठळीचे कारण सापडले असे समजू नका. कॅन्सरची भीती तुम्ही एका वाक्यात लिहून सोडून दिली आहे. या वयात नीट शारीरिक तपासणी, साध्या रक्ततपासण्या, छातीचा एक्स-रे आणि वयानुसार करायच्या चाचण्या एवढे पुरेसे असते. सगळ्या शरीराचे स्कॅन करून अधिक फायदा होतो असे दिसलेले नाही.

सगळे करूनही कारण सापडले नाही, तर? तसे खूपदा होते, आणि ते डॉक्टरांचे अपयश नसते. विनाकारण झालेल्या गुठळीनंतर औषध थांबवलेल्यांपैकी साधारण 10 टक्के लोकांना पहिल्या वर्षात आणि 25 टक्के लोकांना पाच वर्षांत पुन्हा गुठळी होते, असे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे सांगतात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा काहीसे कमी असते. म्हणून किमान तीन महिन्यांचा उपचार झाल्यावर बसून ठरवायचे असते की थांबवायचे की पुढे चालू ठेवायचे. चालू ठेवायचे ठरले तर सहा महिन्यांनंतर कमी मात्रेचा पर्यायही अनेकांना देता येतो. हा निर्णय कारणाचे नाव माहीत नसतानाही व्यवस्थित घेता येतो. मी तो दर आठवड्याला घेते.

तोपर्यंतच्या आठवड्यांत घरी काय करायचे ते सांगते. त्यांना झोपवून ठेवू नका. चालल्याने गुठळी सुटते ही समजूत जुनी आहे. औषध चालू असताना चालणे चांगले. पायाला तेल लावून मालिश मात्र कुणालाही करू देऊ नका, कितीही प्रेमाने कुणी पुढे आले तरी. लांब मोज्यांनी बरे वाटत असेल तर घालावेत, पण न घातल्यास नुकसान होईल अशी धास्ती नको. अंगदुखीला ब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या टाळाव्यात, लागलीच तर पॅरासिटामॉल घ्यावी. फॅमिली डॉक्टरांकडे ‘सुई’ घेण्याची सवय असेल तर आधी औषधाचे नाव सांगावे, कारण दंडात किंवा कमरेत दिलेल्या इंजेक्शनने स्नायूत रक्त साकळू शकते. काढे आणि दुकानातली हळदीची कॅप्सूल या दिवसांत नकोत, जेवणातली हळद चालते.

पाळीबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, पण या औषधावर पुष्कळ स्त्रियांना पाळीत फार रक्तस्राव होतो आणि त्या तो मुकाट्याने सोसतात. दर तासाला पॅड बदलावे लागत असेल, गुठळ्या पडत असतील, तर लगेच डॉक्टरांना कळवा आणि हिमोग्लोबिन व लोह तपासून घ्या. तो थांबवण्यासाठी मेडिकलमधून कोणतीही गोळी आणू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून यावर चांगला मार्ग काढता येतो. गर्भधारणेचा विचार असेल तर तो आधी सांगावा लागेल, कारण रिव्हारोक्साबॅन गरोदरपणात चालत नाही आणि त्याऐवजी हेपरिन द्यावे लागते.

मुंबईला जायचे का, याचे उत्तर तुम्हाला आता कदाचित मिळालेच असेल. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे असेल तर खुशाल घ्या, पुण्यात घ्या किंवा मुंबईत घ्या, आणि आधीच्या डॉक्टरांना तसे सांगूनच घ्या. आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवरच काम करणारी आयसीएमआरची संस्थाही आहे. पण मत घ्यायला जाणे वेगळे आणि याच औषधावर, याच आठवड्यांत, तिसऱ्या लॅबमध्ये तेच रक्त पुन्हा देणे वेगळे. हजारो रुपये जातील आणि दोन न जुळणाऱ्या रिपोर्टांच्या जागी तीन होतील. त्यापेक्षा एका कागदावर तारखांनुसार सगळे लिहून काढा: सूज कधी आली, त्याआधी काय घेतले, कोणते औषध कोणत्या दिवशी सुरू झाले, कोणते रक्त कोणत्या दिवशी आणि शेवटच्या मात्रेनंतर किती तासांनी दिले. माझ्यासमोर कुणी जाडजूड फाइल ठेवते तेव्हा मी आधी असा कागद शोधते.

शेवटचा प्रश्न लग्नाचा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत उपचारांचे तीन महिने होत आलेले असतील, आणि धाप, छातीत दुखणे असे काही नसेल तर त्या नागपूरला जाऊ शकतात, डॉक्टरांना एकदा विचारून. पुणे-नागपूर सुमारे 700 किलोमीटर आहे, तेव्हा रात्रभर बसमध्ये पाय दुमडून जाण्यापेक्षा रेल्वेने जावे, म्हणजे डब्यात उठून फिरता येईल. विमान सोयीचे असेल तर तेही चालेल. गोळ्यांची पट्टी सामानाच्या बॅगेत न टाकता पर्समध्ये ठेवावी आणि चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात. लग्नघरात जेवणाच्या वेळा चुकतात, म्हणून संध्याकाळची गोळी जेवणाच्या पानावरच घ्यायची असे ठरवून टाका. आणि लग्नाच्या तारखेला पाळी येणार असेल तर यावेळी ती येऊ द्या. त्यांच्या आईंना हे तुम्ही स्वतः आधी फोन करून सांगितलेत, तर त्यांना तिथे कुणाला काही समजावून सांगावे लागणार नाही. तुम्ही परत याल तेव्हा 12 आठवडे पुरे व्हायला थोडेच दिवस उरलेले असतील. त्यानंतरची, लॅब सकाळी लवकर उघडते अशी एखादी तारीख आताच ठरवून ठेवा.